शहाबादी फरशीत फर्न सापडलं! जीवाश्म आहे का हे?

मधला_चौक
नमस्कार मंडळी. आमच्या पंढरपूरच्या घराचं काम काढलंय. स्वैपाकघरातली शहाबादी फरशी आजोबांनी बसवलेली, म्हणजे साठेक वर्षं सहज झाली असतील. आईचं म्हणणं राहू दे, बायकोचं म्हणणं व्हिट्रिफाइड, शेवटी व्हिट्रिफाइड जिंकलं. काल मिस्त्रीने पहार घातली तर एका फरशीचा वरचा पापुद्रा सुटून आला आणि खाली काय, तर चक्क झाड! काळ्या रंगात, वीतभर उंचीचं, बारीक बारीक फांद्या, अगदी नेच्याच्या पानासारखं. कोणी ब्रशने काढावं इतकं रेखीव. मिस्त्री म्हणाला "दादा हे देवाचं झाड हाय, फोडू नका". पापुद्रा तोवर राबिटच्या, म्हणजे पाडकामाच्या मलब्याच्या, गोणीत गेला होता, पण खालची फरशी मी बाजूला काढून ठेवलीय.

हे जीवाश्म आहे का? म्हणजे खरंच एखादं झाड दगडात अडकलंय का? आणि असेल तर कुठे कळवायचं असतं? फोटो टाकलाय, मोबाइलवरचा आहे, सांभाळून घ्या.

सांडगी_मिरची
अभिनंदन! आता पुरातत्त्व खातं येऊन तुमचं स्वैपाकघर ताब्यात घेणार. व्हिट्रिफाइड विसरा.

कोकमसार
वा काय सुंदर आहे. १००% फर्नच आहे हे. आमच्या माथेरानला अस्संच येतं पावसाळ्यात.

खडकाळ
मन मोडतोय त्याबद्दल आधीच माफी, पण हे झाड नाही. याला डेन्ड्राइट म्हणतात. (भूशास्त्र शिकलोय, पोटासाठी मात्र बँकेत आहे, त्यामुळे असा धागा दिसला की हात शिवशिवतात.)

होतं काय, तर शहाबादी दगड थराथरांचा असतो. दोन थरांच्या मधल्या फटीत पाणी झिरपतं. त्या पाण्यात विरघळलेलं मँगनीज असतं, कधी लोह. पाणी फटीत पसरत जातं आणि मँगनीजचं ऑक्साइड हळूहळू जमत जातं, एका टोकाला जरा जास्त जमलं की तिथेच पुढचं येऊन चिकटतं, मग त्याला फाटे फुटतात. थंडीत काचेवर बर्फाची नक्षी उमटते ना, तसा प्रकार. जिवंत असं काहीच नाही त्यात.

घरबसल्या ओळखायचं असेल तर भिंग घेऊन बघा. एक, पानाला मधली शीर असते, याला नसेल. दोन, सगळ्या फांद्या कुठल्यातरी भेगेपासून किंवा फरशीच्या कडेपासून सुरू झालेल्या दिसतील. तीन, जाडी जवळजवळ शून्य, नुसता शाईचा डाग असल्यासारखा.

कोकमसार
@खडकाळ, माझा चुलतभाऊ पण जिऑलॉजीचाच, त्याला व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला तर तो म्हणाला असू शकतं. तुम्ही फोटो बघून इतकं ठामपणे कसं सांगता?

खडकाळ
फोटो बघून नाही, दगड कोणता ते कळलं म्हणून सांगतो. शहाबादचा चुनखडक भीमा समूह नावाच्या खडकथरांतला. हा दगड तयार झाला तेव्हा जमिनीवर गवताचं पातंसुद्धा नव्हतं. नेचे सोडा, शेवाळाच्या पुढचं काही जमिनीवर यायलाच अजून कोट्यवधी वर्षं बाकी होती. दगडाचं वय ५४ कोटी वर्षांच्या नक्की पलीकडे आहे, किती पलीकडे यावर वाद चालू असतात. तेव्हा शहाबादीत फर्न सापडणं म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातल्या विहिरीत सिमकार्ड सापडण्यासारखं आहे.

सांडगी_मिरची
सिमकार्ड 😂😂 रेंज आली का पण?

मधला_चौक
भिंगाने बघितलं. मधली शीर नाही. आणि सगळ्या फांद्या डावीकडच्या एका बारीक तड्यातून निघाल्यात. म्हणजे खडकाळ बरोबर. जरा वाईट वाटलं खरं सांगायचं तर. आईला सांगितलं, ती म्हणाली पाण्याने काढलेलं झाड आहे तर मग देवानेच काढलंय, मिस्त्रीचं काय चुकलं.

पण मग शहाबादीत खरे जीवाश्म असतातच का? शंख, शिंपले, मासे वगैरे? चुनखडक म्हणजे शिंपल्यांचाच बनतो असं शाळेत शिकलो होतो.

नीरजा_वाडी_जंक्शन
शहाबादचा धागा आणि मला इतक्या उशिरा दिसला! माझं बालपण शहाबादजवळच्या वाडीत गेलं, वडील रेल्वेत होते. तुम्हा लोकांना शहाबादी म्हणजे फक्त फरशी माहीत असते हो. आमच्याकडे त्या दगडाशिवाय काही नसतंच. भिंती त्याच्या, जिना त्याचा, छतावर लाकडी वाश्यांवर अखंड फरश्या टाकलेल्या, गोठ्यातली गव्हाण त्याची, कुंपणाला तारेऐवजी फरश्याच उभ्या पुरलेल्या एकीला लागून एक. शाळेत पाटीऐवजी सुद्धा आम्ही फरशीवर खडूने लिहायचो. धुणं धुवायचा दगड तर विचारूच नका, आज्जीच्या दगडाला मधे खळगा पडला होता.

खाणी आम्ही लहानपणी कुंपणावरून बघायचो. सुरुंग वगैरे नाही लावत फरशीच्या खाणीत. दगडच पत्त्यांच्या कॅटसारखा रचलेला असतो, थरावर थर, आडवा. उभ्या भेगा पण निसर्गानेच पाडलेल्या, बऱ्यापैकी सरळ. माणसं थराच्या फटीत छिन्नी ठोकत जायची, एका ओळीत पाच सात ठिकाणी, मग पहारीने उचकटलं की अख्खी फरशी "फट्ट" आवाज करून सुटायची. तो आवाज अजून कानात आहे. चांगली फरशी ठोकली की घंटेसारखी वाजते आणि आत तडा असेल तर बद्द वाजते, खाणीवरची माणसं डोळे मिटून सांगायची कुठली घ्यायची.

घाणीचा_चुना
@नीरजा, सोलापूरहून रेल्वेने गेलं की हे डोळ्याने दिसतं. अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड, सगळीकडे आपला काळा दगड आणि काळी माती. कलबुर्गी सोडलं की शहाबादच्या अलीकडे पलीकडे एकदम दगड राखाडी होतो आणि सपाट थर दिसायला लागतात. आपला काळा पाषाण म्हणजे डेक्कन ट्रॅप, लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो या चुनखडकाच्या वर पसरलाय. पूर्वेला त्याची गोधडी संपते आणि खालचा पलंग दिसायला लागतो.

आणि आपल्याकडे घराघरात शहाबादीच का पोचली, कडप्पा कोटा नंतर का आले, याचं उत्तर पण रेल्वेत आहे. मुंबई-सोलापूर-वाडी ही लाइन १८७० च्या सुमाराला झाली आणि खाणी रुळाच्या कडेलाच. दगड वजनाने महाग पडतो, वाहतूक स्वस्त झाली की तो लांब जातो. सोलापूर, पंढरपूर, पुणे, थेट गिरगावातल्या चाळी. स्टेशनांचे जुने प्लॅटफॉर्म आठवा.

कुंदाक्का
आमच्या पुण्याच्या वाड्यात उन्हाळ्यात दुपारी सगळी भावंडं उघड्या शहाबादीवर पालथी पडायचो. अंगावर फरश्यांच्या सांध्यांचे चौकोन उमटायचे. एसी गेला चुलीत.

विदर्भवीर_वणी
चुनखडकावर धागा आणि ५० किलोमीटरवर चंद्रपूर असलेल्या माणसाने गप्प बसायचं का 😀 महाराष्ट्रात चुनखडक म्हटलं की वणी, राजूर, कोरपना, गडचांदूर. पैनगंगा समूह म्हणतात त्याला, तोही तुमच्या शहाबादीसारखाच म्हातारा. पण आमच्या दगडाची फरशी होऊन कोणाच्या स्वैपाकघरात मिरवायचं नशीब नाही, सगळा भट्टीत जातो. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि नंतर सिमेंट. तुमच्या घराच्या स्लॅबमध्ये आमचा तालुका असेल, तुम्हाला पत्ता नाही.

साखरसम्राट_नाही_केमिस्ट
नुसतं सिमेंट नाही. मी साखर कारखान्यात २२ वर्षं काढली. उसाच्या रसात चुन्याचं दूध टाकल्याशिवाय साखर होतच नाही. रस आंबट असतो, चुन्याने आम्लता मरते आणि गाळ खाली बसतो. म्हणजे चहात साखर घालताय तिथे पण चुनखडक लागला.

हिशोब सोपा आहे, शुद्ध चुनखडक १०० किलो भाजला तर ५६ किलो चुना हातात येतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून जातो. समुद्राने जो वायू दगडात कोंडून ठेवला तो आपण सोडून देतो. सिमेंटवाल्यांनी कितीही स्वच्छ वीज वापरली तरी हे ४४ किलो सुटत नाहीत, कारण ते जळणातून नाही, दगडातूनच येतात.

सांडगी_मिरची
आणि पानाला लावतो तो चुना? आणि मला बिल्डरने लावला तो?

साखरसम्राट_नाही_केमिस्ट
पहिला भाजून विझवलेला. दुसऱ्यात विझलात ते तुम्ही.

खडकाळ
मधला_चौक यांचा प्रश्न मागे पडला. शहाबादीत जीवाश्म असतात का.

चुनखडक शिंपल्यांचाच बनतो हे अर्धं खरं. पुष्कळसा चुनखडक म्हणजे उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी बसलेला बारीक चुन्याचा चिखल असतो. शहाबादी असाच, पिठासारख्या कणांचा. आणि तो समुद्र होता तेव्हा शिंपला ही वस्तूच निघाली नव्हती. कवच, हाड, दात, काही नाही. होतं ते सगळं मऊ आणि बहुतेक सूक्ष्म. त्यामुळे आयुष्यभर शहाबादी फोडत बसलात तरी शंख मिळणार नाही.

पण अगदीच काही नाही असंही नाही. शहाबाद चुनखडकाच्या वर भीमा समूहातच हळकल नावाचा शेलचा, म्हणजे चिखलापासून झालेल्या दगडाचा, थर आहे, त्यात चुआरिया नावाचे कार्बनचे काळे ठिपके मिळालेत, काही मिलिमीटरचे, बटणासारखे गोल. ते खरे जीवाश्म. बघायला गेलं तर पेन्सिलीचा डाग वाटेल. म्हणजे गंमत बघा, तुमच्या फरशीवरचं एवढं देखणं झाड खोटं आणि तो फालतू ठिपका खरा.

कोकमसार
ठीक आहे, चुलतभावाला ठिपक्याचं सांगितलं तर तो म्हणाला हो हो तेच म्हणायचं होतं मला. 🙏 हरले.

बव्हेरियाचा_जावई
मी म्युनिकहून लिहितोय. इथून शंभरेक किलोमीटरवर सोल्नहोफेन आहे, चुनखडकाची पंढरी म्हणा. तिथला दगड पण शहाबादीसारखाच पातळ थरांचा, पिवळसर, आणि त्याच्यावर पण हीच काळी झाडं! पोरांना घेऊन आइशटेटजवळच्या खाणीत गेलो होतो, हातोडी छिन्नी भाड्याने मिळते, दिवसभर थर उचकटायचे. चार तासात आम्हाला झाडं मिळाली चाळीस आणि जीवाश्म एक, तो पण एवढासा तरंगता समुद्री जीव, कोळ्यासारखे पाय. मुलगी रडली, तिला डायनासोर पाहिजे होता.

पण हा दगड वयाने लहान, १५ कोटी वर्षांचा, त्यामुळे जीवाश्मांची चंगळ. मासे, कोळंब्या, चतुर, पंखांच्या जाळीसकट. आणि आर्किऑप्टेरिक्स, पिसंवाला पक्षी पण तोंडात दात आणि मागे हाडांची शेपूट, १८६१ साली जाहीर झाला, डार्विनचं पुस्तक येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. खारट, प्राणवायू नसलेल्या तळाशी जे पडलं ते कुजलंच नाही, चिखलाने अलगद झाकलं.

आता आपला संबंध. याच दगडावर सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमाराला शिळाछाप शोधून काढली. दगड इतका बारीक कणांचा की त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट जागी धरते. आणि राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला तो याच जर्मन दगडांवर चालायचा, पुढे मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. म्हणजे आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी सरस्वती जर्मन समुद्राच्या चिखलावरून छापली गेली.

कुंदाक्का
आमच्या देवघरात होती ती लक्ष्मी, जरीचे तुकडे लावलेली!! अंगावर काटा आला वाचून.

विदर्भवीर_वणी
जर्मनी कशाला पाहिजे. मासेवाला चुनखडक महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत सिरोंच्याकडे, प्राणहितेच्या काठचं कोटा गाव. त्याच्यावरून तिथल्या खडकथरांना कोटा फॉर्मेशन म्हणतात. ज्युरासिक. तिथला लेपिडोटस मासा १८५१ मध्येच लंडनपर्यंत पोचला होता, जाड चकचकीत खवल्यांचा. त्याच कोटा फॉर्मेशनमध्ये गोदावरीच्या खोऱ्यात पुढे बारापासॉरस डायनासोर मिळाला, नाव टागोरांवरून बारापासॉरस टागोराय, सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आणि सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. जावईबापू पुढच्या सुट्टीत मुलीला तिकडे आणा.

सांडगी_मिरची
थांबा थांबा, आमच्या जिन्याला कोटा आहे! मासे आहेत का त्यात??

खडकाळ
😀 नाही. जिन्याचा कोटा राजस्थानातला, विंध्य समूहाचा, तोही शहाबादीसारखाच शिंपल्यांच्या आधीचा. गडचिरोलीचा कोटा वेगळा. नावाने फसू नका. ओट्याचा काळा कडप्पा पण चुनखडकच, आंध्रातला, तोही तसाच जुना. फरशीत खरे जीवाश्म बघायचे असतील तर जैसलमेरकडचा हाबूर दगड बघा, नाहीतर जुन्या इटालियन लालसर मार्बलवर मॉलमध्ये खाली मान घालून चाला, अॅमोनाइट नावाच्या नामशेष समुद्री जिवाची चकली दिसते. बायको विचारते काय हरवलंय.

मधला_चौक
कडप्पा पण चुनखडक? म्हणून लिंबाचे डाग पडतात होय ओट्यावर!

खडकाळ
अगदी. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, काहीही आंबट सांडलं की चकाकी खाऊन टाकतं. तुमच्या तुटलेल्या तुकड्यावर लिंबू पिळून बघा.

मधला_चौक
पिळलं! कान जवळ नेला तर अगदी बारीक चर्रर्र आवाज, आणि सोड्यासारखे बुडबुडे. आई म्हणाली माझ्या स्वैपाकघरात साठ वर्षं मी ताक सांडलं त्याचा हिशोब आज लागला. चुलीपाशीच्या दोन फरश्या कायम खडबडीत होत्या, आम्ही समजायचो दगड वाईट आला.

पहिला_मजला
यावरून माझी जखम सांगतो. भाड्याच्या घरात शहाबादी होती, सोडताना चकाचक करून द्यावी म्हणून संडासातलं ॲसिड ओतलं. फेस आला तसा मला वाटलं मळ निघतोय. मळ नव्हता, फरशी निघत होती. डिपॉझिट पण निघालं.

घाणीचा_चुना
😂 म्हणून जुनी माणसं शहाबादीला फक्त पाणी आणि कधीतरी नारळाच्या करवंटीने घासायची.

जरा गंभीर. आपल्या भागात हा दगड नव्हता तेव्हा चुना यायचा कुठून? काळ्या मातीत पांढऱ्या गाठी सापडतात, चुनखडीचे खडे, ते वेचून भट्टीत भाजायचे, चुनकळी विझवायची आणि वाळूबरोबर घाणीत मळायची, बैल दगडी चाक ओढायचा. आमचं घराणं त्यातलं, म्हणून हे नाव घेतलंय. पंजोबांची घाणी अजून शेतात आहे, गोल चर आणि चाक. त्यात आता म्हशी बसतात.

नीरजा_वाडी_जंक्शन
एक राहिलंच. कोणाचं कुलदैवत आमच्या भागातल्या सन्नतीची चंद्रला परमेश्वरी आहे का इथे? पुष्कळ मराठी घरांचं आहे.

कुंदाक्का
आमचं! दर दोन वर्षांनी जातो.

नीरजा_वाडी_जंक्शन
मग पुढच्या वेळी तिथून थोडं पुढे कनगनहळ्ळीला नक्की जा. १९८६ मध्ये चंद्रलेच्या आवारातल्या काली मंदिराचं छत कोसळलं आणि मूर्तीखालच्या शिळेवर अशोकाचे लेख सापडले, तिथून सगळं सुरू झालं. मग १९९४ पासून कनगनहळ्ळीला खोदलं तर आख्खा बौद्ध स्तूप. त्याच्या मोठमोठ्या कोरीव शिळा याच भागातल्या चुनखडकाच्या, थर सुटा येतो म्हणूनच एवढे मोठे पातळ पट्ट कोरता आले असणार. एका शिळेवर राजा राण्यांसोबत उभा आहे आणि खाली ब्राह्मीत लिहिलंय "राया असोको". नाव लिहिलेलं अशोकाचं चित्र! आपण ज्या दगडावर भाकरीचं पीठ सांडतो त्यावर. आणि मळखेडचा किल्ला, राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, तो पण कागिणा नदीच्या काठी याच फरशीच्या दगडात बांधलेला.

कुंदाक्का
चाळीस वर्षं जातेय आणि कोणी सांगितलं नाही. प्रसाद, ओटी, जेवण, परत.

पहिला_मजला
मधला_चौक, मग काय करणार त्या फरशीचं? जुनी शहाबादी विकली जाते हं, अंगणाला घेतात लोक.

मधला_चौक
बाकीची अंगणातच लावतोय, आईची अट आहे. झाडवाली तुळशीपाशी बसवायची ठरलंय. मिस्त्रीला सांगितलंय नीट साफ करून दे म्हणून, तो पॉलिशच्या मशीनवर घेऊन गेलाय आत्ता.

खडकाळ
थांबवा त्याला!!! ते झाड नुसत्या पृष्ठभागावर आहे, कागदाइतकं पण जाड नाही, पहिल्याच दगडाला उडेल. फोन करा लगेच.

मधला_चौक
केला. उशीर झाला. प्रेमाने घासून दिलीय, आरसा झालाय नुसता. खालच्या कोपऱ्यात चार फांद्या उरल्यात. मिस्त्री म्हणतोय "दादा मळ होता तो, निघाला".

सांडगी_मिरची
🤦 पहिला_मजला यांचा मिस्त्री का हा?

बव्हेरियाचा_जावई
अहो घाबरू नका! सोल्नहोफेनला आम्हाला प्रत्येक झाड दोनदा मिळायचं. फट दोन थरांच्या मधे असते ना, मग वरच्या पापुद्र्याच्या खालच्या अंगाला तेच झाड उलटं उमटलेलं असतं. तुमचा पापुद्रा कुठाय?

मधला_चौक
राबिटच्या गोणीत. अकरा गोण्या आहेत आणि ट्रॅक्टरवाला सहाला येणार होता. आई आधीच कंदील घेऊन खाली गेलीय, मी पण निघालो.